बुटातला खडा

सगळं मिळून चाळीस सेकंदांचं होतं.
एक धक्का, एक बंद दीपगृह,
पिवळ्या टोपीची एक पाठमोरी मुलगी,
आणि शेवटी एक तारीख, जी तीनदा पुढे गेली.
तेवढ्यावर आम्ही दीड वर्ष काढलं.

पार्थिवने दीपगृहाच्या खिडक्या मोजल्या: एकोणीस.
शलाकाने विम्याच्या जुन्या कॅलेंडराच्या पाठीवर
बंदराचा नकाशा काढला,
दिसलं होतं ते बॉलपेनने,
दिसलं नव्हतं ते पेन्सिलने.
पेन्सिलच फार झाली.
मी काय केलं? मी दांडिया बाजारातल्या दुकानात
चष्म्यांच्या काचा घासल्या,
गिऱ्हाइकाला विचारलं, आता नीट दिसतं ने?
आणि मनात म्हटलं,
वळेल तेव्हा चेहरा कसा असेल तिचा.

डेमो आला तो वासी उत्तरायणाच्या रात्री.
शेजारच्या गच्चीवर अजून कुणीतरी
लपेट, लपेट म्हणून घसा ताणत होतं,
विजेच्या तारांवर फाटक्या पतंगांचं वाळवण,
आणि आम्हा तिघांची बोटं मांजाने चिरलेली,
पट्ट्या गुंडाळलेली.
एक्क्याऐंशी टक्क्यांवर येऊन तो अडकला.
शलाकाच्या आईने दार ढकलून विचारलं,
"कुणाचा निकाल आहे का रे आज?"
आम्ही हो म्हणालो.
उंधियूचं पातेलं हळूच खाली ठेवून
ती चपला हातात घेऊन गेली.

मग ती वळली.
चेहरा साधा होता. नाकावर एक ठिपका,
काढणाऱ्याच्या ब्रशातून चुकून पडलेला असावा
आणि पुसायचं कुणाच्या जिवावर आलं असावं.
पार्थिव बराच वेळ गप्प होता,
मग म्हणाला, खिडक्या सतराच आहेत.

पट्टीच्या बोटाने कळ दाबली की
ती दोन पावलं जास्तच जायची.
एकदा कोळ्याच्या टोपलीत पडली. कोळी हसला.
घंटा वाजव, दोरी सोडव,
मांजरीला मासा दे, मांजरीकडून किल्ली घे,
किल्ली घेऊन दीपगृहाच्या दाराशी,
आणि दारावर पाटी: इथपर्यंतच. बाकीचं नंतर.
अकरा मिनिटं.
मी घड्याळ पाहिलं, कारण मला वाटलं तास झाला.

पार्थिव चिडला. दीड वर्ष, म्हणाला, अकरा मिनिटांसाठी?
आणि दोन खिडक्या कुणी नेल्या?
पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं
आणि तेवढ्यात पातेल्याची आठवण झाली.
तिला धक्क्यावर तशीच उभी सोडून
जमिनीवर पेपर पसरून बसलो,
हात तेलाचे, कळांना शिवायचं नाही.

आणि ती खाली बसली.
कुणी सांगितलं नव्हतं.
धक्क्याच्या कडेला टेकली, डावा बूट काढला,
उलटा धरला, झटकला.
एक खडा पाण्यात पडला,
त्याची वर्तुळं थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली.
बूट घालून ती बघत राहिली आमच्याकडे,
रेशनच्या रांगेत पिशवीवर बसलेल्या बाईसारखी,
जिला ठाऊक असतं, खिडकी उघडेल तेव्हा उघडेल.
शलाकाचा घास हातातच राहिला.
कुणीतरी, कुठल्या तरी थंड गावात,
आठवडाभर मान मोडून हे काढलं होतं
कळ न दाबणाऱ्यांसाठी.

त्या रात्री सहा वेळा
आम्ही तिला काहीच करायला लावलं नाही.
चौथ्या वेळी तिने जांभई दिली.
जिना उतरताना पार्थिव म्हणाला,
त्या दोन मागच्या बाजूला असतील.
शलाकाने त्या नकाशात टाकल्या. पेन्सिलने.

सकाळी रस्त्यात मांजाचे गुंते पायात येत होते.
काळ्या घोड्याच्या चौकात काहीतरी टोचलं.
दुकान उघडायला आधीच उशीर झाला होता.
मी कठड्यावर बसलो,
डावा काढला.