पाणी

साकाईला, ट्रामच्या रुळांपासून तिसऱ्या गल्लीत,
शिगेनो-सान उत्तरेची खिडकी उघडते.
दक्षिणेचं ऊन खुशामत करतं, म्हणते,
त्यात लोखंडाचा तुकडासुद्धा राजबिंडा दिसतो.

उएमुरांच्या भट्टीतून आज तीन पाती आलीत,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली, तेलकट.
एकावर परवाच्या बेसबॉलचा निकाल उमटलाय, उलटा.

पहिलं बत्तीस थरांचं.
लाटा, ढग, लाकडातल्या गाठी,
ज्याला जे हवं ते दिसावं अशी नक्षी.
कोबेचं गिऱ्हाईक उभ्या उभ्या नोटा मोजायला लागलेलं.
ढग छान आहेत, शिगेनो म्हणते.
ढग कापत नाहीत.

मग एक डोळा मिटून
टाचेपासून टोकापर्यंत कण्यावरून नजर नेते,
फलाटाच्या पार शेवटाला उभ्या माणसाला
आपलाच आहे का म्हणून बघावं, तशी.
नखाने टिचकी मारते. ऐकते.
ऐकताना तिचं तोंड किंचित उघडं राहतं.
आवाज लांबत गेला तर ठीक.
मध्येच बसला तर आत कुठेतरी केसाएवढी भेग,
भट्टीला ठाऊक असलेली
आणि लोहाराला न सांगितलेली.

दुसऱ्यात पीळ आहे. अर्ध्या तांदळाएवढा.
मला दिसत नाही.
"दिसेल पाच वर्षांनी," ती म्हणते, "नाहीतर कधीच नाही."
ठोकळ्यावर ठेवून ती दोन घाव घालते,
तिसऱ्यासाठी हातोडी उचलते
आणि खाली ठेवते.
तो न घातलेला घाव शिकायला
तिला अकरा वर्षं लागली, म्हणे.

कागद ती कापून बघत नाही. तो जत्रेतला खेळ.
ती मुळा घेते, दंडाएवढा पांढरा,
पातं एकदाच ओढते, स्वतःकडे, दाब न देता,
आणि दोन्ही तुकडे परत एकमेकांना लावते.
धार खरी असेल तर मुळा
कापलं गेल्याचं विसरतो.
ती एक तुकडा उचलते, दुसरा सोबत येतो.

तिसरं माझं.
म्हणजे घडवलं उएमुरांनी, धार मी लावली,
तीन वर्षं नुसते दगड भिजवल्यावर
हातात आलेलं पहिलं.
लोहार पोलादाला पाणी देतो, मी दगडाला.
आता कळणार होतं, कोण किती पाण्यात आहे.

पाठीची खोलगट बाजू ती उजेडाकडे धरते,
कडेकडेने बोट फिरवते.
जिथे दोऱ्याएवढा काठ हवा
तिथे टाचेपाशी रुंद, चकचकीत पट्टा:
मंगळवारची माझी घाई, जशीच्या तशी.

तरीही मुळा. तरीही एकदाच, स्वतःकडे.
तुकडे लावते. उचलते.
दुसरा तुकडा येतो,
येतो,
आणि पडतो.

ती काहीच बोलत नाही.
पडलेला तुकडा खाते. हातातला मला देते.
तिखट होता. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानेच,
असं मी ठरवलं.

संध्याकाळी पावत्या द्यायला तिच्या घरी गेलो.
ती कांद्याची पात चिरत होती,
सुपरमार्केटमधल्या, पिवळ्या प्लास्टिकच्या मुठीच्या सुरीने.
अर्धवट कापलेली पात
माळेसारखी एकाला एक लोंबत होती.
मी बघतच राहिलो.
"दिवसभर पारखते," म्हणाली, "रात्री तरी जेवू दे."

सूप उतू जायला आलं. तिने गॅस बारीक केला.
मी चपला घालत होतो तेव्हा, पाठमोरीच:

"टाचेपाशी तू होतास.
टोकाकडे मात्र कुणीतरी दुसराच काम करत होता,
सावकाश.
उद्या त्याला पाठव."