तीन बोटं

"आ कर" म्हटलं की माणूस आधी हसतं.
हे मला प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.
लाडूबाय तर पदर तोंडाला लावून हसली,
बोंबलांच्या काठीखाली उभी, सत्तरी ओलांडलेली:
"एवड्या वर्सांत माज्या तोंडात कोन डोकावला नाय गो,
न्हवऱ्यानं बी नाय."

बॅटरी, रजिस्टर, निळं पेन,
आणि ज्याची त्याची तीन बोटं, उभी, दातांच्या मधे.
जातात? जातात. लिहिते.
पुढचं घर.

वाडीत शिरताना वास आधी येतो.
तव्यावर तंबाखू जळत असते, काळी होईस्तोवर.
मग चुरायची, भरायची
पावडरच्या रिकाम्या डब्यात, खोकल्याच्या बाटलीत,
वेणू जाक्करकडे लग्नातल्या कुंकवाच्या करंड्यात.
मीही लावायची मशेरी.
हे बैठकीत बोलत नाही मी, चुलीपाशी बोलते, हळू.
सहा वर्षं झाली सोडून,
अजून तव्याचा वास आला
की जीभ हिरडीकडे जाते आपोआप.

सोड म्हटलं, तर वेणू म्हणाली,
"सोडते. पन पहाटे तीनला बंदरावर असते मी,
भाकर पोटात पडते दहाला.
मधली भूक काय तुझा रजिस्टर खानार?"
मी लिहिलं नाही.
त्याला रकाना नव्हता.

तांडेलाचा रुपेश, वय बावीस.
दोनच बोटं गेली.
आई म्हणाली, लाजरा आहे, तोंड कमीच उघडतो पहिल्यापासून.
आमटी झोंबते म्हणून ताकभात खातो म्हणे, दोन वर्षं.
खिशात पुडीचा चुरचुर आवाज.
चिपळूणला पाठवला. दोनदा गेला.
तिसऱ्या तारखेला होड्या लागल्या पाण्याला.

वाऱ्यामुळे बंदर बंद होतं तो दिवस धरला.
बर्फाच्या टेम्पोत तेरा बायका,
खारवीवाडीच्या नऊ, मोहल्ल्यातल्या चार,
सगळ्यांच्या साड्यांना, बुरख्यांना खाली ओल.
दवाखान्याच्या दारात कोणीच पुढे होईना.
रुकय्याभाभी उठली. "चार बाळंतपणं झाली माझी,
आता कसली शरम?"

चायनीजच्या गाडीवर असतं तसलंच व्हिनेगर,
कापसाने लावायचं, आणि एक मिनिट थांबायचं.
पांढरं उमटतं का, बघायचं.
त्या मिनिटात वेणूनं छताकडे बघत बांगडे मोजले,
बेचाळीस झाले. काही उमटलं नाही.
लाडूबायच्या सुनेला उमटलं. तिळाएवढं.
"हा कॅन्सर नाही," सिस्टर दोनदा म्हणाली,
"होऊ नये म्हणून आत्ताच शेकून टाकायचं."
सुनेनं विचारलं, घरी सांगायला लागेल का.
परतताना टेम्पोत कोणी बोललं नाही, खाडी येईपर्यंत.

मग पावसानंतर एका पहाटे
बर्फाच्या कारखान्यामागे तीन दगडांवर टोप दिसला.
पेज.
घरटी मूठभर तांदूळ, मीठ रुकय्याभाभीचं,
डावेला वेणू.
मला कोणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं.
"भूक मारायला डबी लागते ना," वेणू म्हणाली,
"मग भूकच आधी मारू."
अकरा जणींतल्या चौघींनी सोडली.
दोघी सोडली म्हणतात.
लाडूबाय पेजही पिते आणि मशेरीही लावते.

काल तिच्याच ओट्यावर बसले होते,
रजिस्टरचं पान भरत.
म्हातारीनं बॅटरी उचलली माझ्या मांडीवरून.
"आता तू आ कर."
मी हसले.
हसू संपेस्तोवर थांबली ती,
मग हनुवटी धरून, मासा पारखावा तशी,
आत बघत राहिली बराच वेळ.
बोंबलांवर माश्या घोंगावत होत्या.
माझी तीन बोटं गेली.

"काय दिसतंय?" मी विचारलं, तोंड उघडंच ठेवून.

"दाढ किडलीय," ती म्हणाली.
"आनि गाल आतून चावलायस.
लिव. तुझं नाव पन लिव."