पाणी चौदा

दर दोन तासांनी मी काठीवरचा आकडा वाचतो
आणि वॉकीटॉकीवरून खाली शहराला सांगतो :
पाणी चौदा. वारा नाही. बर्फ गप्प.
तिकडून एलादिया म्हणते, लिहिलं.
मग खरखर.
मग तीही नाही.

हे तळं माझ्याहून अकरा वर्षांनी धाकटं.
मी जन्मलो तेव्हा इथे हिमनदीची टाच होती,
निळसर, भेगाळलेली,
आणि माझा बाप, क्रिसांतो,
कुऱ्हाडीनं तिचे तुकडे काढायचा.
इचू गवतात गुंडाळून, घोंगडीत बांधून
उजाडायच्या आत बाजारात.
तिथे बर्फ किसायचे, वर लाल पाक ओतायचे,
पोरं ओठ रंगवून हिंडायची.
तो घरी यायचा तेव्हा पाठ भिजलेली,
आई चुलीकडे तोंड करून बसवायची त्याला. उलटं.

मग एका उन्हाळ्यात टाचेखाली डबकं दिसलं.
आटेल, बाप म्हणाला,
आणि त्यात कुऱ्हाड धुतली.

इंजिनिअर आले ते रबरी होडी घेऊन.
दोरी सोडली. दोरी संपली.
नवी दोरी येईतो
त्यांनी तळ्याला नंबर दिला. नावाची चौकट
अजून कोरी आहे.

कुणाला पाण्यात पाहू नये, आई सांगायची.
माझी तर नोकरीच तेवढी.
डोळ्यांत तेल घालून पाहतो :
हिरवट दुधासारखं, बिनमाशाचं, तोंडावर सुरकुती नाही,
आणि पुढे बांध,
हिमानं जाता जाता ढकलून ठेवलेल्या गोट्यांचा,
ना चुना ना गारा.
त्याच्या भरवशावर खाली एक शाळा, दोन बेकऱ्या,
बहिणीचं घर, ज्याचा वरचा मजला ती
अजून बांधतेच आहे.

परवा रात्री वरून एक कडा सुटला.
आवाज मागाहून आला.
काठी बुडाली,
मी एकोणीसपर्यंत मोजलं, मग मोजलंच नाही.
लाट बांधाला टेकली, उभी राहिली
दारात पाहुणा उभा राहतो तशी,
आणि परतली.
एलादिया विचारत होती, कसला आवाज? कसला आवाज?
माझ्या तोंडात कोकाची पानं. बोलायला वेळ लागला.

रविवारी बापाला खेचरावर बसवून वर आणलं.
एक्याऐंशी वर्षांचा. तो आधी टाच शोधत राहिला,
मग मान वर, आणखी वर,
तिथे, जिथे आता पांढरं उरलंय
उशीच्या अभ्र्याएवढं.
काही बोलला नाही.
गुडघे टेकून ओंजळभर पाणी प्यायला,
ओठ पुसले :
पाक हवा होता.

चार वाजता मी कळवलं :
पाणी चौदा. एक ओंजळ कमी.
काय?
काही नाही. चौदाच लिही.