एक उकार

आगरवाडा. रात्रीचे पावणेबारा.
काळ्या खिडकीत कर्सर लुकलुकतो.
कोंडी-कोंडीला नाव असलेलं आमचं मिठागर
एका फोल्डरात मावलंय:
शाणूकाकाच्या तोंडून उतरवलेली त्रेचाळीस पानं,
मानशीच्या फळीचे फोटो, थोडे हललेले.

आधी ते पणजीतल्या कुणाच्या तरी सर्व्हरवर होतं.
भाडं थकलं. एका सकाळी
आगर गेलं,
ना भरती ना उधाण.

आता कमांड लिहिते, फोल्डरचं नाव, एंटर.
उत्तरात अक्षरांची लांबलचक माळ.
हा पत्ता जागेचा नव्हे, मजकुराचा;
आत जे आहे, त्यातूनच निघालेला.

"खंय दवरलें?" शाणूकाका विचारतो.
माझ्याकडे. मडगावला डेल्फिनाकडे.
लिस्बनला तिच्या भावाच्या जुन्या लॅपटॉपवर.
"म्हणजे बांधासारखं.
ज्याच्या वाट्याचा त्यानं राखायचा.
आणि सगळेच निजले तर?"

मी उत्तर देत नाही. पानं वर सरकवते.
तो चष्मा पुसून वाचतो, बोट ठेवतो:
"धाकुली न्हय. धाकली."

एक उकार पुसला. पुन्हा एंटर.
माळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वेगळी.
"आणि ती जुनी?"
डेल्फिनानं धरून ठेवलीय, चुकीसकट.
तिला सांगते, सोडून दे.

तो खिडकीबाहेर बघत राहतो,
जिथं अंधारात कोंड्या आहेत.
"धाकुली माझा भाऊ म्हणायचा," म्हणतो. "बोबडा होता."

फोन हातात होता.
लावला नाही.