बोअर क्रमांक तीन

साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा
पाऊण मीटरवरून सोडायचा,
सळई तीस सेंटिमीटर आत जाईतो
घाव मोजायचे. एवढंच काम.
पहिले दोन मीटर भराव: लाल माती, कौलांचे तुकडे,
एका चपलेचा अंगठा.
बसलिंग मोठ्याने आकडे सांगत होता,
चौदा, नऊ, दोन,
आणि चौथ्या मीटरला त्याने हातोडा उचललाच नाही.
सळई आपल्याच वजनाने खाली निघाली होती,
आजारी माणूस खुर्चीत बसावा तशी.
काय लिहू मॅडम?
शून्य लिही.
पाचव्याला?
शून्य.
सहाव्याला त्याने विचारलं नाही.

रायबंदरच्या या तुकड्यावर आठ मजले यायचे आहेत.
नळीतून निघालेला गाळ निळसर काळा,
त्यात एक अख्खी शिंपली, दोन्ही झाकणं मिटलेली.
फोडली नाही. पिशवीवर लिहिलं: तीन, साडेसात मीटर.

पर्वरीच्या ऑफिसात मी जमीन उभी करते.
स्क्रीनवर एक खांब, एकवीस थर.
तळाशी खडक, त्यावर अठरा मीटर गाळ,
आणि वर ते दोन मीटर, ज्यांचा सातबारा असतो.
तळातून कोयनेचा धक्का सोडते,
सदुसष्टचा, पहाटेचा, माझ्या जन्माआधीचा.
खडकातून तो तडफडत येतो, टोपलीत पडलेल्या बांगड्यासारखा.
गाळात शिरला की त्याचे बारीक दात गळतात,
उरतो एक लांब झोका,
इकडे,
तिकडे,
पृष्ठभागी पोचतो तेव्हा अडीचपट झालेला.

चार गुणिले अठरा, भागिले नव्वद:
शून्य पूर्णांक आठ सेकंद.
गाळाचा झोका एवढा. आठ मजल्यांचाही, ढोबळमानाने, एवढाच.
कुडचडकरांना फोनवर सांगितलं.
ते म्हणाले, मग बारा बांधू.
मी हसले. ते हसत नव्हते.
म्हटलं, जोरात हलवली की ही माती आणखी मऊ पडते,
झोका लांबतो,
तुमच्या बाराव्याला शोधत येतो.
शोधत? ते म्हणाले. रिपोर्टात असं लिहू नका.

एक आकडा मात्र मिळेना:
साडेसात मीटरवर रेतीची जी पातळ पट्टी आहे
तिच्यातलं पाणी कितव्या हेलकाव्याला उठतं.
प्रयोगशाळेत नमुना कापतानाच बसला.

कुंपणापाशी सोयरू गावडे असतो.
भराव पडण्याआधी इथे त्याचं मिठागर होतं.
पौषात तळ मळायचो, म्हणाला, दहा-बारा जणं,
अनवाणी, टाचेने.
सगळे एका ठेक्यात?
"ना गे बाये. एकाच वेळार न्हय."
सगळ्यांची टाच एकदम पडली
की खालचं पाणी वर यायचं,
वाफा दह्यासारखा हलायचा, दिवसाची मजुरी बुडाली.
म्हणून त्याची आई बांधावर उभी राहून ओळ मोडायची,
कुणाला थांबवायची, कुणाला हाकलायची,
हातात काठी, गालात तंबाखू.
कितव्या पावलाला यायचं पाणी?
तो उठला. चपला काढल्या.
कौलांच्या त्या तुकड्यांवर
उजवी टाच, डावी टाच,
ओठ हलवत.
सतराव्याला थांबला.
इथे आई हात वर करायची.

मॉडेलात मी सतरा घातले नाहीत.
सतराला संदर्भ लागतो.
बारा घालून पाहिले, मग वीस;
मधे कुठेतरी आलेख फाटतो.

तक्त्याच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असतो.
तिथे लिहितात: करडा, चिकट, शंखशिंपले.
तिसऱ्या बोअरसमोर, साडेसात मीटरला, मी लिहिलं:
एकदम नाचू नये. माहिती, सो. गावडे.

कुडचडकरांच्या ऑफिसातून मेल आलाय,
हे कुठल्या कोडमधलं कलम?