अनुज्ञेय वापर

कर्वेनगरातल्या आमच्या गल्लीला
नकाशात पिवळा रंग आहे.
पिवळा म्हणजे निवासी.
निवासी म्हणजे माणसं राहतात,
असं समजून आम्ही राहतो.

पिवळ्यात दवाखाना चालतो, शिकवणी चालते,
पिठाची गिरणीही, मोटार बेताची असेल तर.
मिरची-कांडपाचं मात्र नियमावलीत
मला तरी काही सापडलं नाही.
त्या न सापडण्यात सुलभा डिंबळेंचं यंत्र
अकरा वर्षं धडधडत होतं.

वरच्या टिकेकरांनी अर्ज केला: ठसका.
सोबत शिंकांची तारीखवार यादी.

पालिकेचा माणूस आला.
मोटारीवरची पाटी वाचली, टेपनं खोली मोजली,
पंचनाम्यात ‘वापर’ लिहिताना
तीनदा शिंकला,
शाई फराटली ती नेमकी तिथंच.

डिंबळेबाई म्हणाल्या, “साहेब,
मागे माझी खाट आहे. मी इथंच निजते.
मग हे निवासी नाही का?”

त्यानं खाटही मोजली.

आता शटरला लाखेचं सील.
हवा स्वच्छ. एप्रिल उतरत आलाय.
काल जिन्यात टिकेकर वहिनी हळूच विचारत होत्या,
मिरच्या वाळून गच्चीवर पडल्यात,
सव्वादोन किलो,
कुठल्या रंगात न्यायच्या?