रेषेच्या वर अकराशे रुपये

मालवणच्या सेतू केंद्रात, तीन नंबरच्या खिडकीत
मी उत्पन्न छापतो.
म्हणजे लोक मिळवतात किंवा मिळवत नाहीत,
आणि मी त्याला समास सोडून, शिक्क्यापुरती जागा ठेवून
कागदावर बाहेर काढतो.

शेवंती तांडेल सर्जेकोटहून पहिल्या एसटीनं आली.
कोळंबीच्या काट्यांनी बोटांची टोकं इतकी झिजलेली
की मशीनला अंगठा ओळखू येईना.
चारदा पदराला पुसला,
पाचव्यांदा माझ्या रुमालाला.

"वर्षाचं उत्पन्न?"
"टोपलेक चाळीस रुपये."
"वर्षाचं विचारतोय मी."
"वर्षाक टोपली किती, ता दर्याक इचारा."

बरोबर मुलगी. दूर्वा. चौथीत.
बाप नसलेल्या मुलांना महिन्याला काही रक्कम मिळते,
तिच्यासाठी दाखला हवा होता.
तलाठ्याचा अहवाल समोर ठेवून मी आकडे भरत गेलो
आणि स्क्रीनवर तांबडी ओळ आली:
मर्यादेपेक्षा अकराशे रुपये जास्त.

शोधलं, तर सापडले.
वादळात पत्रे उडाले त्याची नुकसानभरपाई,
सरकारनंच खात्यात टाकलेली,
तलाठ्यानं प्रामाणिकपणे जमेत धरलेली.
"ते पैशे पत्र्यातच गेले," शेवंती म्हणाली,
"घराक इलास तर वर बघ. दिसतीत."
वर बघण्यासाठी अर्जात रकाना नव्हता.

"काका, रेघ खय आसा?"
दूर्वा टाचा उंचावून स्क्रीनकडं बघत होती.
तिला ठाऊक होती ती भरतीची:
शेवाळ, शिंपा, तुटक्या चपलेचा पट्टा,
जिथवर पाणी येऊन परत फिरतं तिथं.
मला आणखी एक ठाऊक होती.
गेल्या मार्चात याच टेबलावरून एक फाईल गेली,
आणि एका रिसॉर्टसाठी
भरतीची रेषा नकाशावर बावीस मीटर मागं सरली.
समुद्राला कुणी विचारलं नाही.
चंद्राला तर नाहीच.

ट्रॉलरवाल्या बाबल शेटना डिझेलवरचा कर परत मिळतो.
मिळू दे. समुद्रात जाणं महागच आहे,
मी तक्रार करत नाही.
त्यांचा माणूस येतो, चहा घेतो,
कागद पुरे असतात.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत
दूर्वानं समोरच्या टपरीवर पाच रुपयांचा बिस्किटपुडा घेतला.
कर त्यातच असतो, साखरेसारखा मिसळलेला,
वेगळा लागत नाही.
तो भरताना तिला कुणी अंगठा मागितला नाही,
उत्पन्न विचारलं नाही,
बाप आहे का, हेही नाही.
नऊ वर्षांची करदाती पायरीवर बसून
बिस्किटाच्या कडा आधी खात होती, मधला भाग नंतर.
बाबल शेटचा कुत्रा तोच पुडा खातो.
कर तेवढाच.

मी दाखला छापला. खरा. अकराशेसकट.
शुल्काचे सुटे नव्हते तिच्याकडं,
दोन रुपये सोडले मी,
आणि खोटं कशाला सांगू,
संध्याकाळपर्यंत मला बरं वाटत राहिलं.

पुढच्या सोमवारी शेवंती पुन्हा आली.
अपिलाचा अर्ज कुठं मिळतो ते विचारायला.
केळीच्या पानात बांधलेले सहा बांगडे
खिडकीच्या फटीतून आत सरकवले तिनं.
"घेवा. सकाळचे आसत."
नको नको म्हणत घेतले.
अर्ज कुडाळला मिळतो म्हणून सांगितलं.
म्हणजे एसटीचं भाडं, आणि एका दिवसाच्या टोपल्या.

रात्री बायकोनं तिरफळं घालून कढी केली.
माझ्या मुलानं तीन बांगडे खाल्ले,
दुसऱ्यांदा भात मागितला, आणि ताटावरच पेंगायला लागला.
मी त्याला उचलून नेलं.
चांगला जड झालाय.

काटे मांजरानं नेले.